बिल दोन डिफरन्शियलचे, ऑईल एकात

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख

विषय: पुढच्या डिफरन्शियलचे (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचे) ऑईल न बदलता बिल घेतल्याबद्दल व त्यामुळे झालेल्या नुकसानीबद्दल

महोदय,

आपल्या कंपनीची फोर-व्हील ड्राइव्ह डिझेल पिकअप मी दोन वर्षांपूर्वी घेतली. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी माझी उसाची रोपवाटिका आहे. रोपांचे ट्रे शेताच्या बांधावर नेऊन द्यावे लागतात, आणि ओल्या काळ्या रानात साधी गाडी घातली की ती काढायला मागून ट्रॅक्टर बोलवावा लागतो. फोर-व्हीलचे जास्तीचे पैसे मोजले ते यासाठी, डोंगरावर गाडी उभी करून फोटो काढायला नाही.

ऑगस्टमध्ये, ऐन आडसाली लागणीत, कृष्णेचे पाणी वाढले. २०१९ सारखा महापूर नव्हता. तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले होते. यंदा ४५ फुटांची धोका पातळीही गाठली नाही. पण ओढ्याला फुगवटा आला आणि भरलेल्या गाडीच्या दोन खेपा पाण्यातून काढाव्या लागल्या. चाक निम्म्याहून जास्त बुडत होते. म्हणून १२ ऑगस्टला मी स्वतःहून आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नेली आणि सांगितले, "पाण्यातून आलीय, पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियलचं ऑईल बदला, ब्रीदर बघा." जॉबकार्डवर तसे लिहिले आहे. (ब्रीदर म्हणजे डिफरन्शियलमधली हवा आत-बाहेर व्हायची वाट.) बिलात ८०डब्ल्यू-९० ग्रेडचे जीएल-५ ऑईल ४ लीटर आणि दोन्हींची मजुरी लावली आहे. मी पैसे रोख भरले.

आपल्या हेल्पलाइनवरच्या ताईंनी मला "डिफरन्शियल म्हणजे इंजिनमधलंच ना?" असे विचारले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. इंजिनशी त्या ऑईलचा संबंध नाही. ॲक्सलच्या हौसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या पेटीत, क्राऊन-पिनियन ही दातेरी चाकांची जोडी असते. तिथले दाते एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतात. साधे ऑईल त्या दाबाखाली चिरडून जाते, म्हणून तिथे गंधक-फॉस्फरसची द्रव्ये घातलेले जीएल-५ लागते. चालून तापलेले हौसिंग गार पाण्यात बुडाले की आतली हवा आकसते आणि ब्रीदर किंवा सील कमजोर असेल तर पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळले की ऑईल दुधाळ होते आणि बेअरिंगला गंज धरतो. हे मला ठाऊक होते म्हणूनच मी लगेच आलो होतो.

नोव्हेंबरात पूर्वहंगामी लागण सुरू झाली. पाणंदीत फोर-व्हील लावली की पुढून घुरघुर यायची. टू-व्हीलवर घेतली की बंद. गाडी पुन्हा आपल्याकडे आणली, तर सल्लागारांनी हायवेवर टू-व्हीलमध्ये एक चक्कर मारली आणि "टायरचा आवाज आहे, टायर बदला" असे सांगितले. टायरचा आवाज लिव्हर ओढल्यावरच कसा सुरू होतो, हे त्यांनी सांगितले नाही.

शेवटी मिरजेच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांची पद्धत अशी, की आधी वरचा भरायचा प्लग सोडवायचा आणि मगच खालचा. वरचा नंतर सुटलाच नाही तर गाडी कोरडी उभी राहते. मागचा प्लग सहज सुटला. वॉशर नवा, ऑईल स्वच्छ. पुढच्या प्लगच्या खाचेत माती वाळून दगड झाली होती, आणि फॅक्टरीत प्लगवरून हौसिंगवर ओढलेली रंगाची रेघ जशीच्या तशी जुळलेली होती. मिस्त्री म्हणाले, "ह्याला जल्मात पाना लागल्याला न्हाई." खालचा प्लग काढला तर आधी पाणी आले, मग चहाच्या रंगाचे ताक. प्लगच्या लोहचुंबकावर नुसता काळा लगदा असता तर चालले असते, तो झिजेचा असतोच. इथे टोचणारे कण होते. सगळ्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

मॅन्युअलप्रमाणे मागे अडीच लीटर लागते, पुढे सव्वा. चार लीटरपैकी पाव लीटर सांडले म्हणू. पुढचे सव्वा लीटर कुणाच्या गाडीत गेले?

व्हिडिओ दाखवल्यावर मॅनेजरसाहेबांचे उत्तर आले: "आत पाणी गेलेले आहे, ही ग्राहकाची चूक, वॉरंटीत बसत नाही." क्राऊन-पिनियन आणि बेअरिंगचा खर्च ७० हजारांच्या पुढे सांगितला. साहेब, ते पाणी काढण्याचेच पैसे तुम्ही ऑगस्टमध्ये घेतले होते. तेच आत ठेवून, तीन महिने मला त्यावर गाडी चालवू देऊन, आता माझ्याच नावावर लावता?

सध्या पुढचा प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या डिफरन्शियलला ताकद पोचवणारा दांडा, उतरवून ठेवला आहे. गाडी चालते, पण ओल्या रानात भाड्याचा ट्रॅक्टर घालावा लागतो.

पुढचे डिफरन्शियल विनामूल्य दुरुस्त करून द्यावे, न केलेल्या कामाचे पैसे परत मिळावेत, आणि १२ ऑगस्टला स्टोअरमधून माझ्या जॉबकार्डवर किती ऑईल निघाले त्या नोंदीची प्रत द्यावी. ती नोंद मला सर्वांत आधी हवी आहे. ज्या पोराने गाडीखाली काम केले त्याच्यावर सगळे ढकलू नये. जॉबकार्डवर "तपासले" अशी सही त्याची नाही, सुपरवायझरची आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. मी राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, त्यासाठी मला तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी यावे लागणार नाही. काढलेले ऑईल बाटलीत सीलबंद ठेवले आहे. बघायला माणूस पाठवायचा असेल तर सकाळी अकराच्या आत पाठवा, नंतर मी रोपांच्या खेपेवर असतो.

आपला,
एक ग्राहक
ता. पलूस, जि. सांगली

सोबत: जॉबकार्ड व बिलाची प्रत, व्हिडिओ, मिस्त्रींच्या कामाची पावती