शेतकऱ्याच्या घराचा हिशेब विद्यापीठांना वाचता यावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अनेक वर्षे बुक-कीपिंग शिकवले. निवृत्तीनंतर ओळखीतली मुले पुढच्या शिक्षणाचे अर्ज घेऊन घरी येतात आणि आम्ही ते एकत्र बसून भरतो. अलीकडे त्यांत सोनिपतचे अशोका, बंगळुरूचे अझीम प्रेमजी, पिलानीचे बिट्स अशी नावे येऊ लागली आहेत. तिथे प्रवेश मिळणे अवघड आणि फी भरणे त्याहून अवघड. काही ठिकाणी राहण्या-जेवणासह वर्षाचा खर्च दहा लाखांच्या पुढे जातो. मात्र घरची ऐपत पाहून फी कमी करण्याची, प्रसंगी पूर्ण माफ करण्याची सोय अशा विद्यापीठांत आहे आणि मुलांना तिचा खरोखर लाभ होतो. माझे म्हणणे ती मदत मागण्याच्या फॉर्मबद्दल आहे. तो फॉर्म पगारदार घर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो. निफाड, दिंडोरी, चांदवडच्या शेतकऱ्याचे घर त्याच्या रकान्यांत बसत नाही, आणि त्याचा फटका बसतो तो हुशार मुलामुलींना.

फॉर्मसोबत काय मागतात ते पाहा. आईवडिलांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, मागच्या दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, बँकेचे स्टेटमेंट, मालमत्ता, कर्जे. नाशिक शहरातल्या नोकरदार पालकाला हे सगळे जमवायला एक संध्याकाळ पुरते. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे कितीतरी शेतकऱ्यांनी आयुष्यात कधी विवरणपत्र भरलेले नसते. मग त्याऐवजी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जोडला जातो. हा दाखला तलाठ्याच्या अहवालावरून निघतो आणि त्यावरचा आकडा बहुधा ढोबळ असतो. वर्षाचे साठ-सत्तर हजार उत्पन्न असा दाखला एकीकडे, आणि मार्च महिन्यात द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून एकदम सात-आठ लाख जमा झाल्याचे बँकेचे स्टेटमेंट दुसरीकडे. दूर कुठल्या तरी कार्यालयात बसलेल्या अधिकाऱ्याने हे दोन कागद शेजारी ठेवले, तर त्याला पहिली शंका हीच येणार की हे घर उत्पन्न लपवते आहे. मी त्या अधिकाऱ्यालाही दोष देत नाही. एक कागद अंदाजाने लिहिलेला आहे आणि दुसरा अर्धीच गोष्ट सांगतो आहे.

उरलेली अर्धी गोष्ट द्राक्षबागायतदाराच्या घरात सगळ्यांना पाठ असते. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्यानंतर रोजचे आभाळ बघत केलेल्या फवारण्या, खते, डिपिंग (घड औषधात बुडवणे) आणि थिनिंगची (मणी विरळ करणे) मजुरी. औषधे आणि खते कृषी सेवा केंद्रातून उधारीवर येतात आणि ती उधारी माल गेल्यावर फिटते. गावच्या सहकारी सोसायटीचे पीककर्ज मार्चअखेर भरून लगेच पुन्हा उचलायचे, त्याला आपल्याकडे नवे-जुने करणे म्हणतात. मजुरी रोखीने जाते. म्हणजे मार्चमध्ये आलेल्या त्या लाखांपैकी मोठा भाग पंधरा-वीस दिवसांत घराबाहेर पडलेला असतो. पण स्टेटमेंटमध्ये आलेले पैसे व्यापाऱ्याच्या नावाने स्वच्छ दिसतात आणि गेलेले पैसे 'रोख काढले' एवढेच दिसतात. पहिल्या धड्यात मी मुलांना शिकवत असे की जमा रक्कम म्हणजे नफा नव्हे. तोच धडा या फॉर्मला लागू करायला हवा.

त्यात एक वर्ष दुसऱ्यासारखे नसते. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि ती उघडली मे २०२४ मध्ये, तीही ४० टक्के शुल्क लावून. लासलगाव, पिंपळगाव, उमराण्याच्या बाजारात त्या महिन्यांत ज्यांनी माल विकला, त्यांना काय भाव मिळाला ते विचारावे. त्याआधी नोव्हेंबर २०२३ च्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पावसाने आणि गारपिटीने निफाड तालुक्यातल्या बागा झोडपल्या होत्या. अशा घराचे आदल्या वर्षीचे उत्पन्न पाहून चार वर्षांच्या फीचा निर्णय घेतला, तर तो चुकणारच. बागेत एक चांगले वर्ष येते तेव्हा त्यातून मागच्या दोन वाईट वर्षांची देणी फिटत असतात.

मालमत्तेच्या रकान्याबद्दल तर मला फारच कळकळीने लिहावेसे वाटते. सातबारा जोडा म्हटले की पालक सातबारा जोडतात. त्या उताऱ्यावर आजोबा, दोन काका, लग्न होऊन गेलेल्या आत्या, सगळ्यांची नावे सामाईक असतात. मुलीच्या वडिलांच्या वाट्याला प्रत्यक्षात येतात दोन-तीन एकर, पण वाचणाऱ्याला दिसतो अख्खा गट, म्हणजे सगळ्यांची मिळून असलेली जमीन. शहराजवळच्या गावांत जमिनीचा भाव एवढा चढला आहे की त्या गटाची किंमत कागदावर कोटीत भरते. ती जमीन विकून फी भरा असे कोणी तोंडाने म्हणत नाही, पण मदतीचा आकडा ठरवताना तसेच धरले जाते. पगारदाराला कोणी फीसाठी नोकरी विकायला सांगत नाही. शेतकऱ्याची जमीन ही त्याची नोकरीच आहे.

माझ्याकडे आलेल्या एका मुलीचे उदाहरण देते. निफाड तालुक्यातले घर, अडीच एकर बाग, दहावीपर्यंत मराठी माध्यम. एका नामवंत खासगी विद्यापीठात प्रवेश मिळाला, पण मदत मिळाली ती फक्त ट्यूशन फीच्या काही भागापुरती. वडील म्हणाले, नको बाई, इथेच घे अ‍ॅडमिशन. आम्ही दोघींनी मग तीन वर्षांचा हिशेब मांडला. बाजार समितीच्या आणि व्यापाऱ्याच्या माल विक्रीच्या हिशोबपट्ट्या, कृषी सेवा केंद्राच्या खात्याचा उतारा, सोसायटीच्या कर्जाचा दाखला, गारपिटीचा पंचनामा, आणि ८-अ च्या उताऱ्यावरून वडिलांच्या नावावर नेमके किती क्षेत्र आहे ते. वर एक पानाचे पत्र जोडले. त्यात खर्च वजा जाता तीनही वर्षांत हातात काय उरले, ते साध्या भाषेत लिहिले आणि फेरविचाराची विनंती केली. मदत वाढली. पूर्ण माफी मिळाली नाही, उरलेल्यासाठी शैक्षणिक कर्ज काढावे लागले, पण मुलगी गेली. माझ्या मनात तेव्हापासून एकच प्रश्न आहे. हे पत्र लिहायला घरात कोणी नसते, तिथल्या मुलीचे काय होते? ती गप्प बसते आणि विद्यापीठाच्या नोंदीत तिच्यापुढे 'विद्यार्थिनीने प्रवेश घेतला नाही' एवढेच राहते.

पालकांना माझी विनंती आहे की मागायला लाजू नका. ऐपत पाहून मिळणारी मदत ही कोणाची मेहेरबानी नाही, ती त्या प्रवेशाचाच भाग आहे. पहिला आकडा कमी आला तर कागद जोडून फेरविचार मागता येतो आणि मागितल्याने प्रवेश जात नाही. मदत कशावर आहे तेही विचारा, कारण निम्मी ट्यूशन फी माफ झाली तरी वसतिगृह, मेस, डिपॉझिट, लॅपटॉप आणि नाशिकरोड किंवा मनमाडहून सुट्टीत जाण्या-येण्याचे रेल्वेभाडे शिल्लक राहते. गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती असेल तर ती दुसऱ्या वर्षी चालू राहायला किती ग्रेड लागते, हे लेखी घ्या. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलांचे पहिले सत्र बहुधा जड जाते. आणि दाखल्यावर मुद्दाम कमी आकडा लिहून आणू नका. स्टेटमेंटशी तो जुळला नाही की खरी गरजसुद्धा खोटी वाटू लागते.

सरकारी योजनांचा आधार इथे फारसा नाही. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो किंवा आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने लागू झालेली पूर्ण फीमाफी असो, स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे त्यांतून वगळलेली आहेत. राज्याबाहेरच्या विद्यापीठांची तर गोष्टच नको. केंद्राची पीएम-विद्यालक्ष्मी योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. तिच्या यादीत संस्था असेल तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे, तीही दरवर्षी ठरावीक संख्येच्या विद्यार्थ्यांनाच. कर्ज हे शेवटी कर्जच. सोसायटीचे नवे-जुने करणाऱ्या घरात आणखी एक कर्ज शिरू नये, म्हणून विद्यापीठाची मदत आधी नीट ठरायला हवी.

विद्यापीठांनी त्यासाठी फार मोठे काही करायचे नाही. फॉर्ममध्ये शेतीच्या उत्पन्नाचे वेगळे पान ठेवावे. त्यात तीन वर्षांची सरासरी, लागवडीचा खर्च आणि देणी विचारावीत. सामाईक जमिनीतला वडिलांचा वाटा तेवढाच धरावा आणि कसण्याची जमीन विकाऊ मालमत्तेत मोजू नये. सातबारा, हिशोबपट्टी, पंचनामा हे कागद मराठीतच स्वीकारावेत. नोटरीकडून भाषांतर करून घेण्याचा खर्चही या घरांना जाणवतो. देशभरातून विद्यार्थी घेतो असे अभिमानाने सांगणाऱ्या संस्थांना मराठी वाचणारा एक माणूस नेमणे जड जाऊ नये.

आपल्या जिल्ह्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनाही सांगायचे आहे. या विद्यापीठांचे अर्ज बारावीच्या परीक्षेच्या कितीतरी आधी सुरू होतात. मे महिन्यात निकाल हातात घेऊन चौकशीला आलेल्या मुलाच्या वाट्याला उरलेल्या जागा आणि उरलेली मदत येते. कागद जमवण्याची खरी वेळ दिवाळीची सुट्टी आहे. तेव्हा बागेत छाटणीनंतरच्या कामांची धांदल असते, हे मला माहीत आहे. म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एखाद्या महाविद्यालयाने रविवारी एक खोली, एक प्रिंटर आणि इंटरनेट दिले, तर हिशेब मांडून द्यायला आणि पत्र लिहून द्यायला मी विनामूल्य येईन. माझ्याबरोबरचे काही निवृत्त सहकारीही तयार आहेत. पालकांनी येताना व्यापाऱ्याच्या आणि बाजार समितीच्या तीन वर्षांच्या पट्ट्या व औषधांच्या दुकानाचा खातेउतारा तेवढा घेऊन यावा.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक