पैसे पोहोचले, पावती नाही : नगरप्रशासन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय नगरप्रशासन मंत्री, कर्नाटक राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागातील एका लहान नगरपालिकेच्या हद्दीत माझे वडिलार्जित कौलारू घर असून त्याच्या पुढच्या खोलीत माझी पिठाची गिरणी आहे. गेल्या सोमवारी ज्वारीचे दळण चालू असताना पालिकेचा माणूस थकबाकीची नोटीस देऊन गेला. कन्नड मला बोलता येते, परंतु सरकारी कन्नड वाचताना मी अडखळतो, म्हणून शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडून ती वाचून घेतली. चालू वर्षाची घरपट्टी भरलेली नाही, सबब सवलत रद्द करून दंडासह 4,556 रुपये सात दिवसांत भरावेत, असा तिचा मजकूर होता. ही घरपट्टी मी 28 एप्रिल रोजी भरलेली आहे.

एप्रिलभर कचऱ्याच्या गाडीवरचा भोंगा रोज सकाळी ओरडत होता की रांगेत उभे राहू नका, घरबसल्या ऑनलाइन भरा आणि 30 एप्रिलच्या आत भरून 5 टक्के सवलत मिळवा. तीस वर्षे मी खिडकीवर रोख रक्कम मोजून शिक्क्याची पावती घेत आलो होतो. यंदा आपल्या भोंग्यावर विश्वास ठेवला, एवढाच माझा गुन्हा. भाच्याने मोबाईलवर मालमत्तेचा क्रमांक घातला, सवलत वजा जाऊन आणि उपकर धरून 4,046 रुपये आकडा आला, यूपीआयने पैसे गेले आणि बँकेचा संदेशही आला. पडद्यावर मात्र एक गोल चक्र फिरत राहिले. आमच्या गिरणीचे जातेसुद्धा इतका वेळ रिकामे फिरत नाही. पंधरा मिनिटांनी भाचा म्हणाला, "मामा, उद्या येईल पावती." तो उद्या अजून उजाडलेला नाही.

मे महिन्यात पालिकेतल्या केस वर्करने, म्हणजे फाईल पाहणाऱ्या कारकुनाने, सांगितले की तीन दिवसांत आपोआप अपडेट होईल. जूनमध्ये बिल कलेक्टरने बँकेकडे बोट दाखवले. बँकेने बारा अंकी व्यवहार क्रमांकासह लेखी दिले की रक्कम पालिकेच्या खात्यात जमा झाली आहे, तेव्हा आम्ही परत काय करणार? तो कागद घेऊन गेलो तर सर्व्हर बेंगळुरूचा आहे, आमच्या हातात काही नाही, असे उत्तर मिळाले. असे अकरा हेलपाटे झाले आणि प्रत्येक हेलपाट्याला गिरणी अर्धा दिवस बंद राहिली. दळण घेऊन आलेल्या बायका डबे तसेच उचलून दुसऱ्या गिरणीत गेल्या, त्यातल्या काही अजून परतलेल्या नाहीत. त्या गिऱ्हाइकाची भरपाई कोणत्या रकान्यात भरायची, हे आपल्या संकेतस्थळावर कुठे दिसत नाही.

महोदय, दंडाचे गणित आपल्या लोकांना चोख येते. जूनअखेर निघून गेला की मूळ करावर दरमहा 2 टक्के, त्यात पाच महिने धरून 340 रुपये आणि वर हिरावून घेतलेली सवलत 170, म्हणजे 510 रुपये. आमच्या वॉर्डात हजारभर घरे तरी असतील. त्यांतल्या शंभरांचे असे झाले असेल तर 51,000 रुपये पालिकेने न केलेल्या कामाचे कमावले, असा हिशेब मी दळणाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडला आहे. तो चुकीचा असेल तर आपण खरा आकडा जाहीर करावा.

याउलट पावती अडवणाऱ्याला दंड किती? रिझर्व्ह बँकेने 2019 सालीच नियम केला की यूपीआयने दुकानदाराला दिलेले पैसे खात्यातून जाऊनही त्याच्याकडून खात्री आली नाही, तर पाच दिवसांत परत करावेत आणि उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये द्यावेत. आपल्याच राज्याचा, सरकारी सेवा मुदतीत देण्याची हमी देणारा 2011 चा सकाल कायदा उशिराबद्दल दिवसाला 20 रुपये देतो, पण जास्तीत जास्त 500. पावती त्या सेवांच्या यादीत बसत नाही, असे मला खिडकीवर ऐकवण्यात आले, आणि बसली असती तरी मी दहा रुपयांनी तोट्यातच राहिलो असतो.

घरपट्टीबरोबर आम्ही ग्रंथालयासाठी 6 टक्के आणि भिकाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी 3 टक्के उपकर विनातक्रार भरतो. आमच्या वाचनालयात मराठी वर्तमानपत्र येणे बंद झाले, तेही सोसले. परंतु भिकाऱ्यांसाठी पैसे भरल्याच्या पावतीसाठी आम्हीच खिडकीपुढे हात पसरून उभे राहावे, हे जरा जास्त होते.

खरा घाव पुढेच आहे. 7 ऑक्टोबर 2024 पासून राज्यात ई-खात्याशिवाय, म्हणजे मालमत्तेच्या संगणकीय उताऱ्याशिवाय, मालमत्तेची नोंदणी होत नाही आणि घरपट्टी थकलेली दिसली की ई-खात्याची फाईल पुढे सरकत नाही. माझी बहीण हक्कसोडपत्रावर सही करण्यासाठी गडहिंग्लजहून दोनदा आली आणि दोनदा तशीच परत गेली. दुसऱ्या वेळी बसस्टँडवर ती म्हणाली, "दादा, तू खरंच भरलीस ना रे?" पासष्टाव्या वर्षी सख्ख्या बहिणीने हे विचारावे, याचे व्याज कुणी काढायचे?

मी मराठीत लिहिलेला अर्ज "कन्नडात आणा" म्हणून परत सरकवण्यात आला. राज्यघटनेचे कलम 350 सांगते की गाऱ्हाणे मांडणारा अर्ज संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. 1956 पासून आम्ही या राज्यात आहोत; आमचा पैसा कोणत्या भाषेतला आहे हे मात्र अजून कुणी विचारलेले नाही. प्रश्न केवळ भाषेचाही नाही, कारण माझ्यामागे रांगेत उभा असलेला कन्नडभाषक विणकरही असाच आपला व्यवहार क्रमांक दाखवत ताटकळत होता. संगणक बंद पडो, जाळे तुटो की फाईल हरवो, खरेपणा सिद्ध करण्याचा भार या राज्यात कायम पैसे भरणाऱ्याच्याच डोक्यावर असतो.

11 ऑक्टोबर 2012 रोजी उद्घाटन झालेल्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, म्हणजे विधिमंडळाच्या इथल्या इमारतीत, आपण डिसेंबरात अधिवेशनाला याल. तेव्हा ऑनलाइन भरण्याची पावती चोवीस तासांत न निघाल्यास बँकेचा संदेश हाच पुरावा धरावा, तोवर दंड व नोटीस काढू नये आणि माझे पैसे पुढील वर्षात वळते करावेत, एवढे आदेश द्यावेत. शेवटची मागणी नवी आहे. बहिणीला तिसऱ्यांदा परत पाठवण्याचे धैर्य नसल्याने काल मी खिडकीवर 4,556 रुपये रोख भरले. पावती दोन मिनिटांत मिळाली. पहिल्या 4,046 रुपयांचे काय, असे विचारले तर केस वर्कर म्हणाला, "ते सिस्टीमला दिसतच नाहीत."

आपला नम्र,
एकाच वर्षाची घरपट्टी दोनदा भरलेला गिरणीवाला