बाबा, इथलं इंजिन अजून चालतं

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "त्या ओसाड गावात आणखी तीन वर्षं कशाला?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आई, अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं हे ईली ओसाड नाही गं. चारेक हजार माणसं आहेत. लांब आहे, ते मात्र खरं. लास व्हेगास काय, सॉल्ट लेक सिटी काय, दोन्ही जवळजवळ चारशे किलोमीटर. शेजारच्या मॅकगिल गावचे एक आजोबा दम्यासाठी माझ्याकडे येतात. तिथल्या तांब्याच्या भट्टीत त्यांची उमर गेली. भट्टीची चिमणी पाडून किती वर्षं झाली, तरी घराबाहेर पडलं की मान अजून तिकडेच वळते म्हणतात. मी इथून गेले तर त्यांना छाती तपासायला एवढं अंतर कोण नेणार?

बाबा, आता तुमच्यासाठी. तांब्यापायी 1906 मध्ये इथे रेल्वे आली. खनिज रूथच्या खाणीतून मॅकगिलला जायचं. 1978 मध्ये केनेकॉट कंपनीने खाण बंद केली, 1983 मध्ये भट्टी विझली आणि गाडीही थांबली. खाण पुढे दुसऱ्यांनी सुरू केली. आजही गावाचं बरं-वाईट तांब्याच्या भावावरच ठरतं. पण रेल्वे भंगारात गेली नाही. इंजिनं, शेड, अवजारं, हिशेबाच्या वह्यासुद्धा जागच्या जागी ठेवून त्याचं संग्रहालय झालं. 1910 चं बाल्डविन कंपनीचं 40 नंबरचं इंजिन अजून वाफेवर धावतं!

रविवारी शेडमध्ये गेले होते. एक म्हातारे गृहस्थ लांब चोचीच्या बुधलीने सांध्यांत तेल घालत होते. प्रत्येक ठिकाणी तेल घातलं की उलट्या हाताने बेअरिंग चाचपायचे. कोळशाचा धूर, ग्रीस, ओली वाफ. कुर्डुवाडीच्या शेडमधून तुम्ही घरी यायचात तेव्हा सदऱ्याला हाच वास असायचा. मी तिथेच उभी राहिले बराच वेळ. बार्शी लाइट रेल्वेची इंजिनं गेली त्यानंतर तुम्ही कित्येक दिवस नीट जेवला नव्हतात, ते आठवलं.

सप्टेंबरात दोघंही या. गाव महाबळेश्वरापेक्षा पुष्कळ उंचावर आहे, स्वेटर आणा. आणि बाबा, इंजिनं तुम्ही जन्मभर दुरुस्त केलीत, चालवली दुसऱ्यांनी. इथे पैसे भरले की बाहेरच्या माणसालाही वाफेचं इंजिन चालवायला देतात. आधी नियमांचं पुस्तक वाचावं लागतं. ते मी आजच पाठवतेय.

तुमची,
ताई