चिपीच्या विमानाला मुंबईत वेळ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपतीसाठी कोकण रेल्वेचे आरक्षण खुले होताच काही मिनिटांत प्रतीक्षा यादी लागते, यावर दरवर्षी लिहिले जाते. सिंधुदुर्गातल्या परुळे-चिपीच्या विमानतळाबद्दल मात्र आम्ही चाकरमानी गप्प असतो.

९ ऑक्टोबर २०२१ रोजी हा विमानतळ सुरू झाला. छोट्या शहरांच्या विमानसेवेला मदत देणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेमुळे मुंबईचे तिकीट सुरुवातीला अडीच हजारांच्या आसपास मिळे आणि रात्रभराचा प्रवास तास-दीड तासावर आला. हे निव्वळ पर्यटकांचे विमान नव्हते. चिपीला टाटा नाहीतर केईएमच्या फाइली मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत. केमोनंतर ज्याला रात्रभर गाडीत बसवत नाही, त्याच्यासाठी ही सोय किती मोलाची होती!

'उडान'मध्ये तोटा भरून काढणारे अनुदान तीनच वर्षे मिळते. ती भरली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईची फेरी बंद पडली. तीन वर्षांत मार्गाने स्वतःच्या पायावर उभे राहावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण विमान येईल की ऐनवेळी रद्द होईल, याचाच भरवसा नसेल तर प्रवासी टिकणार कसा? त्यात जानेवारी २०२३ पासून गोव्यातला मोपा विमानतळ सुरू झाला. बांदा-सावंतवाडीची माणसे तिकडे वळली, त्यांना दोष कसा द्यायचा?

खरे दुखणे मुंबईच्या टोकाला आहे. इथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. सत्तर आसनांचे एटीआर हे छोटे विमान धावपट्टीची जी वेळ अडवते, त्याच वेळेत १८० प्रवाशांचे विमान उतरू शकते. मग सोयीची वेळ छोट्या विमानाच्या वाट्याला येणार कुठून? कोल्हापूर, जळगाव, नांदेड, अमरावती, सगळ्यांपुढेच हा प्रश्न आहे.

आता नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे. तिथल्या चांगल्या वेळा मोठ्या मार्गांना वाटून संपण्याआधी सकाळ-संध्याकाळच्या काही वेळा राज्यातल्या छोट्या विमानतळांसाठी राखून ठेवाव्यात. 'उडान'ची मुदत संपली की राज्य सरकारने आणखी दोन-तीन वर्षे उतरत्या क्रमाने अनुदान द्यावे. आणि वेळापत्रक गणपती-शिमग्यापुरते नको, वर्षभराचे हवे. रुग्णाची तारीख सण बघून येत नाही.

– एक सिंधुदुर्गवासी, भांडुप, मुंबई