पाण्याच्या बाटलीतले आम्ल आणि कलम 26

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी चतुर्थीपूर्वीच्या साफसफाईत आमच्या न्हाणीत एक प्रकार घडला. मी आयुष्यभर उच्च माध्यमिक वर्गांना रसायनशास्त्र शिकवले आणि तरीही तो माझ्याच घरात घडला, म्हणून सांगायला थोडा संकोच वाटतो. आमच्या विहिरीच्या पाण्यात लोहाचे प्रमाण बरेच असल्यामुळे लाद्यांवर तांबूस डाग धरतात. माझ्या जावेने विहिरीत टाकण्यासाठी आणून ठेवलेली ब्लीचिंग पावडर ओली करून त्या डागांवर पसरली. ब्लीचने लोहाचा डाग जात नाही, उलट अधिक पक्का होतो. तसाच तो झाला. मग तिने दारावर येणाऱ्या विक्रेत्याकडून घेतलेले ‘संडास साफ करायचे पाणी’ त्याच पावडरीवर ओतले. ते पाणी म्हणजे आम्ल होते. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि लादी घासणारी बाई नेमकी तिथेच वाकलेली असते. मी खोकल्याच्या आवाजाने धावले तेव्हा जावेचे डोळे लाल झाले होते आणि तिला धड बोलताही येत नव्हते.

आरोग्य केंद्रात तिला प्राणवायू लावला आणि रात्रभर ठेवून घेतले, कारण क्लोरीनचा फुप्फुसांवरचा परिणाम कधी कधी काही तासांनी बळावतो. डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘बाटलीत नेमके काय होते?’ मी बाटली सोबत नेली होती. निळ्या झाकणाची, पिण्याच्या पाण्याची एक लिटरची बाटली. लेबल खरवडून काढलेले, डिंकाचा चिकट पट्टा तेवढा उरलेला. बनवणाऱ्याचे नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. तीस वर्षे रसायने हाताळलेल्या मला त्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण, असल्याच्या संशयावरून जुलै 2018 मध्ये आपण सारे गोवेकर कसे खवळून उठलो होतो, हे वाचकांना आठवत असेल. मासळीविषयी प्रश्न विचारणे आपल्या अंगवळणी पडले आहे, मात्र न्हाणीतल्या बाटल्यांविषयी ते पडलेले नाही. काही शाम्पूंमध्ये परिरक्षक म्हणून वापरले जाणारे डीएमडीएम हायडेंटॉइन थोडे थोडे फॉर्मल्डिहाइडच सोडत असते. त्याचे प्रमाण अल्प असते आणि मर्यादेत वापरण्यास त्याला मुभा आहे, तेव्हा कोणी शाम्पू परसात ओतून टाकू नये. पण ज्याच्या त्वचेला त्याची ॲलर्जी आहे, त्याला ते नाव लेबलावर वाचता आले पाहिजे.

सौंदर्यप्रसाधनांच्या बाबतीत कायदा तरी आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 चा, आणि सौंदर्यप्रसाधनांचे स्वतंत्र नियम 2020 चे. घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापराची अंतिम तारीख हे सर्व वेष्टनावर हवे. आयात केलेल्या मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांकही हवा. उत्पादनाला परवाना लागतो, पण किरकोळ विक्रीला लागत नाही. त्यामुळे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, जत्रेच्या फेरीत किंवा आखातातून आलेल्या आप्तांच्या बॅगेतून जी ‘गोरे करणारी’ क्रीम आपल्या हातात पडते, ती वाटेत कोणी तपासलेली असेलच असे नाही.

या क्रीमविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. त्वचा उजळ करण्यासाठी काही ठिकाणी पाऱ्याचे क्षार वापरले जातात आणि पारा मूत्रपिंडांना घातक असतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण नोंदवले. त्यांतील 15 जणांत त्या विकाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीम वापरल्याचे सांगितले. आपल्या नियमांनुसार, डोळ्यांसाठीची प्रसाधने वगळता, तयार प्रसाधनात अनवधानाने आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये. घरी पारा ओळखण्याचा खात्रीचा उपाय नाही. वेष्टनावर ‘कॅलोमेल’ किंवा ‘मर्क्युरिक’ असे शब्द असतील, अथवा सोने, चांदी आणि ॲल्युमिनियमपासून क्रीम दूर ठेवा अशी विचित्र सूचना असेल, तर ती क्रीम चेहऱ्याला लावू नये. पारा धातूंशी संयोग पावतो, म्हणून ती सूचना छापलेली असते. बांगडीची एवढी काळजी घेणाऱ्याने गालाचीही थोडी घ्यायला हरकत नव्हती.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील कलम 26 विषयी मी ज्यांना ज्यांना विचारले, त्यांतील एकालाही ते ठाऊक नव्हते. खरेदी केलेले औषध वा सौंदर्यप्रसाधन विहित शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा आणि त्याचा सहीनिशी अहवाल मिळवण्याचा अधिकार हे कलम सामान्य ग्राहकाला देते. माझी अन्न व औषध प्रशासन संचालनालयाला विनंती आहे की या तपासणीचे शुल्क, अर्जाचा नमुना आणि अहवालास लागणारा काळ मराठी व कोंकणीत जाहीर करावा. संचालनालयाच्या बांबोळीच्या कार्यालयात चौकशीसाठी हेलपाटे घालणे काणकोण वा सत्तरी तालुक्यातल्या माणसाला परवडत नाही, म्हणून ही माहिती पंचायतींच्या फलकांवरही लावावी. बाजारांतून आणि जत्रांतून क्रीम, काजळ व काळ्या मेहंदीचे नमुने खात्याने स्वतः घ्यावेत आणि निष्कर्ष बॅच क्रमांकासह प्रसिद्ध करावेत.

स्थानिक भाषेतील इशारा ही काही अवाजवी मागणी नाही. पॅराफेनिलीनडायमाइन हे रंग देणारे रसायन असलेल्या केसांच्या कलपावर इंग्रजीबरोबर स्थानिक भाषांतही सावधगिरीची सूचना देणे नियमाने बंधनकारक आहे, आणि कानामागे थोडा कलप लावून चोवीस तास थांबण्याची रीतही त्याच नियमांत सांगितली आहे. हाच न्याय आम्लाच्या बाटलीला का नको?

साफसफाईच्या द्रवांचे दुखणे असे की ते कोणा एका खात्याचे नाहीत. जंतुनाशक म्हणून विकले जाणारे फिनेल औषधविषयक नियमांच्या अनुसूची ‘ओ’ मध्ये येते, डासांच्या अगरबत्त्या 1968 च्या कीटकनाशक कायद्यात येतात, बंद वेष्टनातील वजन, किंमत आणि पत्ता वजनमाप खाते पाहते, आणि तीव्र आम्लाच्या खुल्या विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2013 मध्ये निर्बंध घातले आहेत. सायकलवरून दारोदार फिरणारी बाटली या सगळ्यांच्या मधून अलगद निसटते. निदान पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत असा द्रव विकण्यास पंचायतींनी आपापल्या हद्दीत मज्जाव करावा, कारण तहानलेले मूल झाकण उघडण्यापूर्वी वास घेत नाही. तसे घडलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. आम्ल वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजते. 108 ला बोलवावे आणि बाटली सोबत न्यावी.

जाता जाता, ‘नैसर्गिक’ उपायांच्या भक्तांसाठी: आमची आजी तांब्यापितळेची भांडी बिमलीच्या आंबट फळांनी लख्ख करायची, आणि लाद्यांवरचे लोहाचे डाग आता आम्हीही लिंबाच्या सताने काढतो. पण ब्लीचवर लिंबू पिळले तरी क्लोरीनच सुटतो.

आमच्याकडची ती बाटली अजून एक तृतीयांश भरलेली आहे आणि परसातल्या खोपीत उंचावर ठेवली आहे. ती औषधही नाही आणि प्रसाधनही नाही, त्यामुळे कलम 26 खाली मला ती तपासून घेता येत नाही. ती कोणत्या खात्याच्या खिडकीवर द्यायची, हे आपल्या वृत्तपत्रातून संबंधितांनी कळवल्यास मी स्वतः घेऊन येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका,
फोंडा, गोवा