लक्ष्मीपूजनाला पोचायची घाई करू नकोस

सांगली,
घटस्थापना

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तिकिटं पक्की झाल्याचं आईकडून समजलं. मुंबईहून जकार्ता, तिथून विमानानं अंबॉन आणि अंबॉनहून पुढं बोटीनं इंडोनेशियातलीच बांदा बेटं. एकटीच. फोनवर तू सगळं सांगत होतीस तेव्हा मी नुसतं 'हां, बरं' म्हणत होतो, कारण दुकानात शेतकरी बसले होते आणि हे बोलणं चार माणसांत करण्यासारखं नव्हतं. आज दुकानाला सुट्टी घेतली आहे, म्हणून सवडीनं लिहितोय.

तू जा. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना आण्णा आडवे पडतायत असं तुला वाटायला नको. आत्यानं परवा विषय काढलाच. एकट्या पोरीला एवढ्या लांब, तेही पाण्यातून, कशाला पाठवायचं म्हणाली. मी तिला विट्याची आठवण करून दिली. खानापूर-आटपाडी भागात शेती पिकेना, तेव्हा आपली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी पार केरळ-बंगालपर्यंत गेली. त्यात मिसरूड न फुटलेली पोरं होती. ना भाषा येत होती, ना ओळखीचं कुणी होतं. तुझे विट्याचे मामा असेच शाळा सुटल्या सुटल्या कोइमतूरच्या गाडीत बसले. 'एकटा कशाला' असं त्यांना कुणी विचारलं नाही, उलट गलाईला गेला म्हणून गावात मान वाढला. मग तू स्वतःच्या कमाईनं, सगळी चौकशी करून निघालीस तर तुलाच का विचारायचं? आत्याला पटलं की नाही माहीत नाही. मला पटलेलं आहे.

आणि तू नेहमीची बेटं सोडून बांदा निवडलंस याचा मला मनापासून आनंद झाला. उभं आयुष्य मी हळदीच्या पेठेत काढलं. जायफळ, जायपत्री, लवंग हे नाव निघालं की शेजारच्या मसाल्याच्या गाळ्यात जाऊन बोटानं चाचपून बघायची सवय मला पहिल्यापासून आहे. हा माल मुळात कुठून आला ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता त्या चिमुकल्या बेटांवर जाऊन पोचलो. एके काळी अख्ख्या जगाला जायफळ पुरवायचं ते एवढ्याच बेटांनी. दुसरीकडं कुठं ते झाडच नव्हतं. अरब, जावाचे लोक, आपले गुजराती व्यापारी यांच्या हातांतून ते फिरत फिरत युरोपात जाई, आणि तिथं पोचेपर्यंत त्याचा भाव कुठल्या कुठं गेलेला असे.

मग डच आले. १६२१ साली त्यांच्या गव्हर्नर जनरल यान पीटरझोन कून यानं बांदा जिंकलं. कारण एवढंच, की तिथली माणसं आपला माल फक्त डचांनाच विकायला तयार नव्हती. चाळीसहून अधिक गावप्रमुखांना पकडून मारलं. बेटांवर पंधरा हजारांच्या आसपास वस्ती होती, त्यातले जेमतेम हजारभर उरले. बाकीचे मेले, पळाले, गुलाम म्हणून नेले गेले. नंतर बागा डचांना वाटून दिल्या आणि बाहेरून गुलाम आणून झाडं जगवली. मी व्यापारी माणूस आहे. भावावरून घासाघीस होते, माल परत जातो, दोन-दोन वर्षं बोलणं बंद पडतं, हे सगळं मी पाहिलंय. पण माल देत नाही म्हणून अख्खं गाव कापून काढायचं, हे वाचून मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बांदा नैरा या तिथल्या मुख्य बेटावर परिगी रांते नावाची विहीर आहे, तिथं त्या मारल्या गेलेल्या माणसांची नावं लावली आहेत. किल्ला बघायला सगळेच जातात, तूही जाशील. पण त्या विहिरीपाशी माझ्या वतीनं हात जोड.

रन बेटावर जाणार म्हणालीस. ते बेट लांबीला तीनेक किलोमीटर. १६६७ च्या ब्रेडाच्या तहात इंग्रजांनी या रनवरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा. आपलं कवठेपिरान आणि मुंबई यांची अदलाबदल करण्यातला प्रकार, पण त्या वेळच्या भावानं बघितलं तर डचांना तो सौदा तोट्याचा वाटला नसेल. आणखी एक. इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले हत्ता आणि शहरीर या दोघांना डचांनी १९३६ पासून सहा वर्षं बांदा नैरावरच नजरकैदेत ठेवलं होतं. पुढं हत्ता इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले, शहरीर पहिले पंतप्रधान. त्या शहरीरना १९४७ मध्ये डचांच्या नाकावर टिच्चून जावामधून विमानानं बाहेर काढलं ते आपल्या ओडिशाच्या बिजू पटनाईकांनी, स्वतः विमान चालवून. तिथं कुणी जाणतं माणूस भेटलं तर हा विषय काढून बघ.

आता पाण्याचं. यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो.

तू कृष्णेत पोहायला शिकलीस, पाठीला डबा बांधून. होड्यांच्या शर्यती बघत मोठी झालीस. पाण्याची भीती तुला नाही, आणि मला ती घालायचीही नाही. पण २०१९ चा महापूर तू पुण्यातून फोनवर ऐकलास, आम्ही इथं राहून बघितला. आयर्विन पुलाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली. होडीत पेलवतील त्यापेक्षा जास्त माणसं होती. बायका, लेकरं. त्यातल्या कित्येकांना पोहता येत असेल, कृष्णाकाठचीच माणसं ती. पुराच्या पाण्यात त्याचा काय उपयोग? बाहेर पडायची घाई आणि होड्या कमी, म्हणून जी आली तीत माणसं चढत गेली. त्यांना दुसरा इलाज नव्हता.

तुला इलाज असेल. आणि तो हातात राहावा एवढंच माझं मागणं आहे.

हरिपूरला हळदीची पेवं, जमिनीखालची ती कोठारं, तू लहानपणी बघितली आहेस. पेवाचं तोंड उघडलं म्हणून कुणी लगेच आत उतरत नसे. वारा लागू देत, मग आतली हवा कशी आहे ते कळायला कंदील सोडत. कंदील विझला तर त्या दिवशी उतरायचं नाही, मग मालक वर उभा राहून कितीही ओरडू दे. होडीत पाय टाकण्याआधी तूही तसा कंदील सोडून बघायचा. म्हणजे काय करायचं? माणसं मोज आणि लाईफ जॅकेटं मोज. जॅकेट फळीखाली बांधून ठेवलेलं असेल तर ते नसल्यातच जमा. होडीच्या कडेपासून पाणी किती खाली आहे ते बघ, सामान चढल्यावर पुन्हा बघ. इंजिन एकच आहे की दुसरं जोडीला आहे, ते विचार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथली माणसं चढतायत का ते बघ. स्थानिक बायका पोरं घेऊन काठावरच थांबल्या असतील तर तूही थांब. त्यांना त्या पाण्याची जी पारख आहे ती तुला-मला इंटरनेटवर सापडायची नाही.

तू ऑक्टोबर निवडलास ते बरं केलंस. जून ते ऑगस्ट आग्नेयेकडून वारा सुटतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारी पश्चिमेचा, तेव्हा बांदा समुद्र खवळलेला असतो. मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो निवळतो. तरी निवळतो म्हणजे झोपत नाही. अंबॉनहून नैरा दोनशे किलोमीटरच्या आसपास, मध्ये सगळं उघडं पाणी. त्या टप्प्यासाठी सरकारी पेल्नी कंपनीचं मोठं जहाजच धर. रात्र काढावी लागेल, डेकवर गर्दी असेल, पण जहाज मोठं आहे. चढल्यावर आधी आपल्या मजल्यावरून बाहेर पडायचा जिना कुठं आहे ते चालून बघ, मग पथारी टाक. बॅग उशाला घे.

बेटाबेटांत फिरताना सकाळी निघ. दुपारनंतर वारा चढतो. आणि हत्ता बेटाशी प्रवाळ बघायला पाण्यात उतरशील तर एकटी उतरू नकोस. तिथं काठापासून थोडंच पुढं गेलं की तळ एकदम खोल जातो. नदीत ओढ कुठं आहे ते पाण्याच्या अंगावरून दिसतं, समुद्रात आतली ओढ वरून कळत नाही. ओढीत सापडलीसच तर काठाकडं झगडू नकोस, आडवी पोहत तिच्यातून बाहेर पड.

स्वतःचं लाईफ जॅकेट पुण्यातूनच घेऊन जा. बॅगेत जागा खाईल, खाऊ दे. चांगलं घे, पैसे मी पाठवतोय, त्यावरून वाद घालू नकोस. तिथलं चलन, रोख रुपियाही, अंबॉनलाच काढून ठेव, लहान बेटांवर एटीएमच्या भरवशावर राहू नये.

फोनचं असं करू. होडीत चढण्याआधी होडीचं नाव, कुठून कुठं आणि किती माणसं, एवढंच लिहून धाड. उतरलीस की 'उतरले'. फोटो नंतर आले तरी चालतील. रेंज गेली तर दोन दिवस आम्ही काळजी करणार नाही असं मी आईकडून कबूल करून घेतलंय. ती ते पाळेल असं वाटत नाही, पण मी सांभाळून घेईन.

खाण्याचं आई बघतेय. तिकडं मासळीशिवाय पान हलत नाही, म्हणून भडंग, तासगावचे बेदाणे, शेंगदाण्याची चटणी आणि आलेपाक असं पार्सल या आठवड्यात तुझ्या पुण्याच्या पत्त्यावर येईल. आलेपाक बोट लागते त्यावर चांगला, जहाज सुटायच्या आधी एक वडी तोंडात धर. भात मात्र तिथं मिळेलच, आणि जायफळाच्या फळाच्या गराचा मुरंबा करतात म्हणे, तो खा. आपण बी तेवढी किसून श्रीखंडात घालतो, गर कसा लागतो ते मी कधी चाखलेलं नाही.

आता जे फोनवर बोलायचं राहिलं ते. तू आईला म्हणालीस, काहीही झालं तरी लक्ष्मीपूजनाला सांगलीत पोचते. मला माहीत आहे तू हे कुणासाठी म्हणालीस. नव्या वहीवर पहिलं स्वस्तिक तुझ्या हातचं असतं, तू पहिलीत होतीस तेव्हापासून. पेढीवरच्या हमालांनाही ते ठाऊक आहे. तू नसलीस तर मला त्या संध्याकाळी करमणार नाही, हे मी लपवत नाही. पण त्याच तारखेमुळं माझा जीव जास्त घाबरा होतोय. परतीचं विमान ठरलेलं, घरी सण, जहाजाचं वेळापत्रक पुढं ढकललेलं, आणि समोर एक लहान होडी 'चला, सोडतो अंबॉनला' म्हणून उभी. ब्रह्मनाळच्या लोकांवर घाई पुरानं लादली होती. तुझ्यावर ती आमच्या सणानं लादलेली मला चालणार नाही.

म्हणून परतीचं तिकीट आजच बदल. मधे चार-पाच दिवस मोकळे सोड. दंड भरावा लागला तर भर. जहाज आलं नाही तर नैरालाच राहा, ज्वालामुखीचा डोंगर चढ, गुनुंग आपी, साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, सकाळी लवकर निघशील तर ऊन चढायच्या आत उतरशील. पाडवा गेला, भाऊबीज गेली तरी चालेल. यंदा मुहूर्ताला वही देवापुढं ठेवीन आणि पहिलं पान कोरं ठेवीन. तू आलीस की स्वस्तिक काढू. गुरुजींना विचारलं, ते म्हणाले काही हरकत नाही. त्यांनी हरकत घेतली असती तरी मी हेच केलं असतं.

आजीनं आशीर्वाद सांगितलेत. तिला बोटीचं सांगितलेलं नाही, फक्त परदेशात फिरायला जातेय एवढं सांगितलंय. निघण्याआधी तूच तिला नीट सांग, ती तुझं ऐकते.

तुझे,
आण्णा

ता. क. बागेत गेलीस तर एक काम कर. फळ उकललं की बीवर लाल जाळी असते ती जायपत्री, ती सोडवून वेगळी वाळवतात. आत कवच, कवचात जायफळ. वाळलं की कवच कानाशी हलवलं तर आत बी खुळखुळते. आपण हळदीची कांडी मोडून बघतो तशी त्यांची ही पारख. तू स्वतः हलवून बघ. आणि बागवानाला विचार, जायपत्रीला किलोमागं जागेवर काय मिळतं, जायफळाला काय, अंबॉनला पोचेपर्यंत तो भाव किती होतो, आणि मधे किती हात आहेत. आकडे वहीत लिहून आण. इथल्या गाळ्यातले भाव मी काढून ठेवतो.