मोडीचे ॲप नंतर करा, आधी पाने मोकळी करा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: मोडी कागदांच्या प्रतिमा आणि त्यांचे वाचन संशोधनासाठी खुले करणेबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात संगणकशास्त्रात पीएच.डी. करते. हाताने लिहिलेला मजकूर यंत्राला वाचायला शिकवणे हा माझा विषय, आणि त्यातही मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी. ('ध'चा 'मा' हा विनोद नातेवाइकांपासून परीक्षकांपर्यंत सगळ्यांनी करून झालेला आहे, तेव्हा तो इथे करत नाही.) सरकारचे जुने कागद सांभाळणारे पुराभिलेख संचालनालय ज्या खात्याखाली येते ते आणि माहिती तंत्रज्ञान अशी दोन्ही खाती सध्या आपल्याकडे आहेत, म्हणून हे पत्र थेट आपल्याला. एरवी अशी फाइल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्यातच वर्ष निघते.

मोडी आपोआप वाचणारे ॲप येणार, अशी बातमी अधूनमधून येते. यावे, मलाही हवेच आहे. पण ते ज्यावर शिकणार, ती जोडी आज कोणाच्या हाती पुरेशी नाही. जोडी म्हणजे एका ओळीचे छायाचित्र आणि त्या ओळीत नेमके काय लिहिले आहे ते देवनागरीत. बाकी गणित, प्रोग्राम, मशिन हे सगळे मिळते. बरेचसे फुकटही मिळते.

मोडी यंत्राला अवघड का जाते ते थोडे सांगते. कारकून आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्या रेघेला लटकवत जाई. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. देवनागरीत शिरोरेषा पुसली की अक्षरे सुटी होतात, म्हणून जुन्या पद्धती आधी रेघ काढत आणि मग अक्षर कापत. मोडीत कापायचे कुठे, इथेच घोडे अडते. मौजे, परगणा असले रोजचे शब्द तर पूर्ण लिहायचेच नाहीत, पहिले अक्षर आणि पुढे दोन दंड, झाले काम.

सुदैवाने २००६ च्या सुमारास अशी पद्धत निघाली की अक्षरे कापावीच लागत नाहीत. अख्खी ओळ दाखवायची, तिचे वाचन द्यायचे, कोणते अक्षर कुठे संपते ते यंत्र आपले आपण जुळवते. आमच्यासाठी ही मोठीच सोय झाली, कारण ओळीचे वाचन करायला संगणक यावा लागत नाही, मोडी यावी लागते. आणि मोडी येणारी माणसे महाराष्ट्रात आहेत. आपलेच संचालनालय मोडीचे वर्ग घेते.

या क्षेत्रात प्रत्येक विद्यार्थी पहिल्या आठवड्यात हाताने लिहिलेल्या ज्या अंकांवर हात बसवतो, ती हस्ताक्षरे मुळात अमेरिकी सरकारच्या मानक संस्थेने जमवलेली आहेत. लिहिणारे कोण, तर जनगणना खात्यातले कर्मचारी आणि शाळेतली मुले. त्यातून निवडलेले शिकवणीचे ६०,००० आणि चाचणीचे १०,००० अंक सर्वांना खुले झाले आणि जगभरच्या प्रयोगशाळा एकाच मापाने आपले काम मोजू लागल्या. सरकारने तिथे ॲप काढले नव्हते.

आपल्याकडे सुरुवात झालेली आहे, हे नाकारत नाही. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक मानकात, जागा मिळाली. २०२५ मध्ये आयआयटी रुडकीने पुण्यातल्या संस्थांच्या सोबतीने मोडी पानांच्या दोन हजारांवर प्रतिमा देवनागरी वाचनासह खुल्या केल्या. शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन अशा तिन्ही वळणांची पाने त्यात आहेत. चांगले काम आहे, मी ते वापरते. पण पेशव्यांच्या कारभाराचे कागद जिथे आहेत त्या एकट्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि दर कारकुनाचा हात वेगळा. शिवाय कोल्हापूर आणि धुळे इथले संग्रह, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि थेट तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय आहेच.

तर मागणी अशी. रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी त्याआधी मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदांचे आपले खंड काढले. म्हणजे हजारो कागदांचे वाचन अधिकारी माणसांनी करून ठेवलेले आहे, आणि त्यावर स्वामित्वहक्काची अडचणही आता उरलेली नाही. सरदेसायांनी छापलेले मूळ कागद पुण्यातच रुमालात, म्हणजे कापडी गाठोड्यात, बांधलेले आहेत. छापील पत्र आणि मूळ कागद यांची गाठ घालून द्यायचे काम तेवढे राहिले आहे. ते वाटते तितके सोपे नाही, कारण छापताना शब्द तोडले गेले, विरामचिन्हे आली, कुठे मजकूरही गाळला गेला. म्हणून ओळीला ओळ लावायला मोडी वाचक लागतील, आणि त्यांना कागदामागे रास्त मोबदला द्यावा लागेल. प्रमाणपत्र आणि चहा यावर हे काम होणार नाही.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुन्या नोंदी मोडीत म्हणून हेच मोडी वाचक तालुक्या-तालुक्यांतून शोधावे लागले. एका नोंदीवर घरातल्या मुलाचा दाखला अडलेला, आणि ती वाचणारा माणूस जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. यंत्र त्या माणसाच्या जागी बसवा असे मी म्हणत नाही, बसवू नये असेच सांगते आहे. यंत्राने हजार पानांतून नोंद असावी असे वाटणारी वीस पाने काढून द्यावीत आणि वाचायची त्या माणसाने.

कारण यंत्राची चूक दिसत नाही. अक्षरे ओळखून झाली की वाक्य नीट लागावे म्हणून आम्ही मागे एक भाषेचे मॉडेल, म्हणजे कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द येतो ते शिकलेला प्रोग्राम, जोडतो. ते शिकलेले असते आजच्या बातम्यांच्या मराठीवर. माझ्याकडच्या एका पत्रात साल होते 'खमस सबैन मया व अलफ', म्हणजे मराठी कागदांत अरबी शब्दांत लिहिल्या जाणाऱ्या शुहूर सनाचे ११७५, इसवी १७७४-७५. मॉडेलला 'खमस' हा शब्द ठाऊक नाही. त्याने 'खास' करून टाकले. वाचायला अगदी गुळगुळीत, आणि सालातले पाच गायब. पोस्टाच्या पत्त्यात असे झाले तर पत्र परत येईल. वतनाच्या किंवा जातीच्या नोंदीत झाले तर भांडण कोर्टात जाईल. यावर उतारा एकच, जुन्या मराठीचा भरपूर मजकूर. तोही वरच्याच खंडांत आहे.

प्रतिमांबद्दलही बोलायला हवे. एका संग्रहातून मला मिळालेल्या काही प्रती निव्वळ काळ्या-पांढऱ्या होत्या. फाइल लहान व्हावी म्हणून करडा रंग काढून टाकलेला, आणि त्याबरोबर फिकट शाईचे बारीक फराटेही गेलेले. पान एकदाच स्कॅन होते. त्यासाठी रुमाल पुन्हा सोडायला कोणी तयार नसतो. स्कॅनिंगच्या निविदेत रंगीत प्रतिमा, किमान ४०० डीपीआय (इंचाला इतके ठिपके) आणि फाइलच्या नावात रुमाल क्रमांक एवढ्या अटी घातल्या तरी पुष्कळ होईल.

बाहेर हे होते आहे. डच राष्ट्रीय अभिलेखागाराने त्यांच्या ईस्ट इंडिया कंपनीची लाखो पाने यंत्राकडून वाचून घेऊन लोकांपुढे ठेवली आहेत. त्यात वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे कागदही आहेत. चुका आहेत, पण शब्द टाकला की पान सापडते. वेंगुर्ल्याचा सतराव्या शतकातला व्यवहार मी डचमधून शोधू शकते आणि मराठीतून नाही, याचे मला राहून राहून नवल वाटते. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्यानिमित्ताने येणाऱ्या निधीतला थोडा वाटा इकडे वळवता येईल का, हे आपण पाहावे.

आणि काही पाने मात्र खुली करू नका. निरनिराळ्या काळांतली, निरनिराळ्या हातांची शे-दोनशे पाने दोन जाणकारांकडून स्वतंत्रपणे वाचून घेऊन संचालनालयाने कुलपात ठेवावीत. उद्या एखादी कंपनी '९५ टक्के अचूक' असा दावा घेऊन येईल. ९५ टक्के म्हणजे दर वीस अक्षरांत एक चूक, मोडीच्या भरल्या ओळीत एक-दोन. तो आकडाही कोणत्या पानांवरचा, हे ती सांगणार नाही. तो आपल्या कुलपातल्या पानांवर तपासावा आणि मगच बिल काढावे.

आपली,
संगणकशास्त्राची एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे